हातावर मावणारी नॅरोगेजची वाघीण

नमस्कार श्रोतेहो. सांगली-मिरजेकडच्या चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना मिरज जंक्शनातली छोटी गाडी नक्की आठवत असेल. कवठेमहांकाळ, जत रोड, सांगोला करत ती पंढरपूरला आणि पुढे कुर्डुवाडीला जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ही बार्शी लाईट रेल्वे. १८९७ साली सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला येऊन पोचली. त्या गाडीच्या मालवाघिणीचं मॉडेल किटमधून कसं जोडायचं आणि रंगवायचं, ते आज सांगतो.

आधी मापाचं बघू. या मार्गाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मॉडेलचं एचओ प्रमाण एकास सत्त्याऐंशी. भागाकार केला की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. आपल्या ब्रॉडगेजचं तसं नाही. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात, पण एचओचे रूळ साडेसोळाचेच असतात; मग वाघीण अरुंद रुळांवर उभी दिसते. म्हणून नवख्यांनी नॅरोगेजपासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

किट उघडलं की सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात, तिच्यापासून ते कटरनं सोडवा, उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरनं घासा. खालची चौकट काचेच्या तुकड्यावर ठेवूनच जोडा, नाहीतर पीळ पडतो आणि एक चाक अधांतरी राहतं. पातळ प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा चिकट द्रव, सांध्याला ब्रशच्या टोकानं नुसतं टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. वाघिणीखाली चाकांच्या दोन वळत्या चौकटी असतात, त्यांना बोगी म्हणतात. या दोन बोग्यांपैकी एकीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त वळेल. दुसरीचा किंचित सैल ठेवा, म्हणजे ती डुलेलही. रुळाच्या सांध्यावर वाघीण घसरत नाही ती यामुळे.

कॅलथ्रॉपनं प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, पाच टनच भार धरला होता. त्यामुळे दर वाराला (यार्डाला) अवघ्या ३० पौंडांचे हलके रूळ चालले. आठ चाकी वाघिणीला चार ॲक्सल, म्हणजे मालासकट वीस टन. वाघिणीचं स्वतःचं वजन जितकं कमी तितका माल जास्त, म्हणून इंग्लंडमधल्या लीड्स फोर्ज या कारखान्यानं दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी तिला दिल्या. मॉडेलमध्येही तो पत्रा पातळच दिसला पाहिजे. जाड रंगाखाली रिव्हेट बुडाले की वाघीण ठोकळ्यासारखी दिसते. त्यापेक्षा विरळ रंगाचे दोन-तीन हात द्या, आणि बाटलीतल्या रंगात थोडा फिकट करडा मिसळा. छोट्या वस्तूवर मूळ रंग फार गडद वाटतो. अक्षरांची डेकल, म्हणजे छापील पातळ पट्टी, लावण्याआधी तेवढ्या जागेवर चकचकीत वॉर्निश मारा, म्हणजे कडेला पांढुरकी झाक येत नाही.

आता मला सगळ्यात प्रिय काम, धूळ. वाघीण मळवताना ती कुठून धावली याचा विचार करा. परदेशी मॉडेलवर बघून विटकरी धूळ फासू नका. आपली काळी माती वाळली की राखाडी होते, म्हणून पायऱ्यांखाली आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत राखाडी-तपकिरी पाणीदार रंग सोडा आणि वरचा भाग ओल्या कापसानं टिपून घ्या. बोग्यांजवळ मात्र गंजासारखा तांबूस तपकिरी हवा. ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून जो लोखंडी भुगा उडतो, त्याचा तो रंग. दारं असलेली वाघीण असेल तर कडीभोवती थोडा रंग उडालेला दाखवा. रोज हात लागतो तिथेच पत्रा उघडा पडतो. सगळीकडे सारखा मळ दिला तर ती वाघीण कामावर गेलेली वाटणार नाही.

शेवटी मॅट वॉर्निशचा एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. चाकाचा रुळाला टेकणारा भाग लाकडी काडीनं खरवडून स्वच्छ करा. तिथे रंग राहिला तर चाक अडखळतं. मग वाघीण रुळावर ठेवा आणि बोटानं हलकेच ढकलून बघा.