हयातीचा दाखला आणि 22 मिनिटं

नाशिककर मंडळी, कौटुंबिक विनोदी मालिकेचा एक भाग कसा उभा राहतो, ते आज एका कल्पित कथेवरूनच पाहू. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण 22 मिनिटं उरतात. तेवढ्यात एक घर, पाच-सहा माणसं आणि दोन कथासूत्रं मावतात. जागा वाढवल्या की वेळ जाण्या-येण्यातच संपतो. 2001 मध्ये आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ची ताकद तीच होती : एक घर, तीन पिढ्या.

आपलं घर गंगापूर रोडवरचं. आजोबा निवृत्त शिक्षक. नोव्हेंबर चालू आहे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय. नातू यंत्र आणतो. पण वयामुळे बोटांच्या रेषा झिजल्यात, ठसा जुळत नाही. समोर बसलेल्या माणसाला यंत्र जिवंत मानायला तयार नाही. हे प्रत्यक्षात घडतं, म्हणून प्रेक्षक लगेच बरोबर येतो. पण एवढ्यावर फक्त प्रसंग होतो, भाग होत नाही. नातू कंटाळून "झालं काम" असं खोटं सांगतो, तिथे कथा सुरू होते.

आता 30 तारीख. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे नातवाला कळलंय. त्याला आजोबा फोनसमोर हवेत. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस गुपचूप ठरवलाय. पाहुण्यांचे फोन येताहेत, म्हणून तिला आजोबा फोनपासून लांब हवेत. दोन्ही सूत्रं एकाच माणसाला दोन बाजूंना ओढतात. बहुतेक फसलेल्या भागांत दुसरं सूत्र नुसतं शेजारून चालतं आणि शेवटी उगाच येऊन चिकटतं.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे एका वाक्यात मिटेल असा गैरसमज. प्रेक्षक वैतागतो, "अरे, सांगून टाक ना!" म्हणून गप्प राहायला प्रत्येकाला सबळ कारण द्या. नातवाला आजोबांनी कालच नव्या फोनचे पैसे दिलेत, "तू जबाबदार झालास" म्हणून. आता तो तोंड कसं उघडणार?

खोटं दुसऱ्या मिनिटाच्या आत बोललं जावं. पहिल्या जाहिरातीआधी, आठव्या मिनिटाच्या आसपास, सून नातवाच्या हातातून फोन काढून घेते. सतराव्या मिनिटाला पाहुणे, आजोबा आणि फोन एकाच दिवाणखान्यात.

संवादांत हशाचा शब्द शेवटी ठेवा. "यंत्र म्हणतं आजोबा नाहीत असं मला वाटतं" यात शेपूट हशा गिळते. "मला वाटतं, यंत्राच्या हिशेबी आजोबा नाहीत" हे ठीक. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वाचन 22 मिनिटांचं झालं तर चित्रीकरण लांबणारच, कारण हालचाल आणि नुसतं बघणं कागदावर वेळ घेत नाही. 20 मिनिटांवर आणा.

शेवट असा : आजोबा केव्हाच बँकेत जाऊन सही करून आलेत. नातवाच्या "झालं"वर शिक्षक विश्वास ठेवत नाही. पण हे आकाशातून पडता कामा नये. 30 तारखेच्या पहिल्याच दृश्यात, चहा पिता पिता, ते म्हणून गेले पाहिजेत, "बँकेतल्या पेनची दोरी आता लांब केलीय." आणि हे वाक्य संपायच्या आत सूनबाईंनी साखर संपल्याची ओरड करायची.