अफगाण चर्च : भिंतीवर न मावलेली नावं

नमस्कार मंडळी. मुंबईत कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे जाणाऱ्या बसमध्ये कधी बसला असाल, तर ‘अफगाण चर्च’ हा थांबा तुमच्या कानावरून गेला असेल. लहानपणी मला वाटायचं, हिंग विकायला येणारे पठाण इथे उतरत असणार. पठाण मुसलमान आणि चर्च ख्रिस्ती लोकांचं, ही अडचण त्या वयात लक्षात यायची नाही. आणि गंमत अशी की खुलासा विचारला तर थोरांनाही तो देता येत नसे.

तर अफगाण तिथे कधीच राहत नव्हते. चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा 1839 मध्ये अफगाणिस्तानात घुसल्या, त्या पहिल्या अफगाण युद्धात आणि पाठोपाठच्या सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं हे स्मारक. म्हणजे ज्यांच्याशी लढाई झाली त्यांचं नाव देवळाला चिकटलं आणि जे मेले ते मागे राहिले. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा तिथे यायचं आहे.

युद्धाची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेणारी इंग्रजी फौज बर्फात कापली गेली आणि डॉक्टर ब्रायडन नावाचा एक गोरा दमलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला, हे चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती फौज मुख्यतः बंगालची. मुंबई इलाख्याचं सैन्य सर जॉन कीनच्या हाताखाली सिंधमधून, बोलन खिंडीतून वर गेलं होतं. गझनी, मग काबूल, आणि त्यातले बहुतेक 1839 अखेरीस परतही फिरले. परतताना बलुचिस्तानातलं कलात शहर घेतलं. मुंबईकर शिपायांचे खरे हाल झाले ते बलुचिस्तानात आणि सिंधमध्ये.

त्यातलं काहून तुम्हाला सांगायलाच हवं. मरी टोळ्यांच्या मुलखातला हा एक किल्ला. 1840 च्या उन्हाळ्यात कॅप्टन लुईस ब्राउन आणि मुंबईच्या 5व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी तिथे अडकली. वेढा सप्टेंबरपर्यंत चालला. सोडवायला आलेली मेजर क्लिबर्नची पलटण ऑगस्टच्या अखेरीस नफुस्क खिंडीत मार खाऊन परतली, आणि लढाईत वाचलेले कितीतरी लोक तहानेनं तडफडून मेले. ही 5वी म्हणजे कोण? आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, लष्करात जिला ‘काली पाचवी’ म्हणतात, ती हिचीच वारस. मुंबईच्या फौजेत तेव्हा कोकण आणि देशावरचे मराठे होते, महार मोठ्या संख्येनं होते, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू होते, उत्तर हिंदुस्थानातले ‘परदेशी’ही होते. रत्नागिरीकडच्या एखाद्या गावच्या माणसाला बलुचिस्तानातलं ऊन कसं लागलं असेल, याचा हिशेब कुठे मांडलेला नाही.

आता इमारतीकडे येऊ. युद्ध आटोपल्यावर वर्गणी सुरू झाली. विलायतेहून आलेला आराखडा खर्चाला झेपेना, म्हणून काम हेन्री कॉनिबिअर या इथल्याच इंजिनिअरकडे आलं. 4 डिसेंबर 1847 ला पायाभरणी झाली. कॉनिबिअरचं नाव चर्चमुळे फारसं कुणाला माहीत नाही, पण तुम्ही त्याचं पाणी प्यायला आहात. विहार तलावाची योजना त्याचीच. मुंबईला नळानं पाणी आलं ते 1860 मध्ये, तोपर्यंत सगळी मदार विहिरी आणि तळ्यांवर. 1854 मध्ये पाऊस ओढला तेव्हा बाहेरून पाणी आणण्याची वेळ आली होती. अशा माणसाच्या हातून हे चर्च उभं राहिलं. मला वाटतं, त्याच्यातला इंजिनिअर इमारतीत दिसतो. उगाच नक्षीचा हव्यास नाही, भर सगळा आकारावर आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये एक चळवळ जोरात होती. चर्च बांधायचं तर मध्ययुगीन पद्धतीनं, अणकुचीदार कमानींचं आणि खऱ्या दगडाचं, असा तिचा आग्रह. विटांवर चुना थापून दगडाचा आव आणायचा नाही. मुंबईत तोवर जो थाट होता तो ग्रीक-रोमन खांबांचा. टाउन हॉल पाहा म्हणजे कळेल. गॉथिक मुंबईत नीट रुजलं ते या चर्चपासून. व्हीटी स्टेशन, विद्यापीठ, हायकोर्ट हे सगळं नंतरचं. लोक व्हीटीचे फोटो काढतात आणि इकडे फिरकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. मूळ इथे आहे.

पण विलायती शैलीला दगड मात्र इथलाच हवा. भिंतींना कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड वापरला. आतले खांब, कमानी, कोरीव काठ पोरबंदरच्या चुनखडीचे. कारण साधं आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण भक्कम, पण छिन्नीला दाद देत नाही. पोरबंदरी दगड मऊ, त्यात बारीक काम निघतं. लंडनमध्ये कागदावर रेघ ओढणं सोपं. इथल्या पाथरवटानं ती कमान दगडात पहिल्यांदा बसवली, तेव्हा त्याच्यापुढे पाहायला नमुना तरी कुठला असणार?

आतली सजावट विल्यम बटरफिल्ड या इंग्लिश वास्तुकाराची. जाळीचे पडदे, बाकं, वेदीकडची मांडणी. जमिनीवर इंग्लंडहून आलेल्या रंगीत फरशांची भौमितिक नक्षी आहे. पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. सकाळी गेलात तर पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरकत येतं आणि फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडतात. ते पाहायला कुठलाही इतिहास माहीत असायची गरज नाही.

7 जानेवारी 1858 ला बिशप हार्डिंगनी चर्चला दीक्षा दिली. तारीख पाहा. उत्तरेत बंड अजून विझलेलं नव्हतं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, 15 ऑक्टोबर 1857 ला, याच मुंबईत एस्प्लनेडवर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघा शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं. आजच्या आझाद मैदानाच्या परिसरातली ही गोष्ट. एका बाजूला शिपायांचं स्मारक पुरं होत होतं आणि दुसऱ्या बाजूला शिपायांवर विश्वास उरला नव्हता. त्या दिवशीच्या प्रार्थनेत बसलेल्या साहेबांच्या मनात काय चाललं असेल, मी अनेकदा कल्पना करून पाहतो.

मनोऱ्याचं काम मात्र रेंगाळलं. 198 फुटांचा तो सुळका पुरा झाला 1865 मध्ये. पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी त्याला पैसे दिले. अँग्लिकन चर्चच्या कळसाला पारशी पैसा! मुंबईत हे आश्चर्य नाही. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना हा सुळका दुरून दिसायचा, म्हणजे खलाशांसाठी तो वाटेची खूणच झाला.

आता त्या वाक्याकडे. चर्चमधला स्मृतिलेख सांगतो की हे चर्च ज्यांच्यासाठी बांधलं त्या अधिकाऱ्यांची नावं भिंतींवर कोरली आहेत. आणि खालच्या दर्जाचे हुद्देदार व साधे शिपाई यांचीही आठवण आहे, पण ते इतके होते की त्यांची नावं लिहिता आली नाहीत. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत ते ‘आजारानं किंवा तलवारीनं’ पडले. क्रम बघा, आजार आधी. लेख लिहिणाऱ्यानं तेवढं खरं सांगितलं.

‘फार होते’ हे कारण मला पटत नाही. पुण्याजवळच्या भीमा कोरेगावचा जयस्तंभ याच कंपनी सरकारनं उभारला. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं त्यावर आहेत, ‘नाक’ जोडलेली महार नावंही त्यात वाचता येतात. तिथे दगडाला जागा होती. हे खरं की एका दिवसाच्या लढाईतले मृत मोजता येतात, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या मोहिमेत तापानं वाटेत पडलेला माणूस हजेरीपटावरून नुसता गळतो. तरीही पलटणींच्या याद्या होत्याच. इच्छा असती तर पितळी पत्र्यावर बारीक अक्षरांत बसवता आली असती. निदान पलटणनिहाय आकडे तरी.

कुणीतरी मघाशी विचारलं, आत जाता येतं का. हो, प्रार्थना सुरू असलेलं चर्च आहे, संग्रहालय नव्हे. त्यामुळे वेळ सांभाळून जावं आणि फोटोआधी विचारावं. कोरलेली नावं उजेडाला तिरपं उभं राहून वाचली तर नीट लागतात. आणि बाहेर पडलात की एकदा मागच्या बाजूनं फिरून या. कुर्ल्याच्या दगडावर दीडशेहून जास्त पावसाळ्यांनी काय केलंय ते तिथे हात लावून पाहता येतं.