विमानात बसण्याआधी पेन्शनची कागदपत्रं: परदेशी स्थायिक होणाऱ्या माजी सैनिकांसाठी

नमस्कार मंडळी. आज समोर जे बसले आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात आहेत. काही जण सहा महिने नातवंडांकडे जाऊन परत येणार आहेत, तर काहींचं कायमचं जायचं ठरलं आहे. ह्या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत अगदी वेगळ्या आहेत. पेन्शनचे बहुतेक गोंधळ होतात ते हा फरक लक्षात न घेतल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मुलाकडे पाच-सहा महिने राहून परत येणार असाल तर तुमचं बँक खातं, आयकरातलं स्थान, सगळं आहे तसंच राहतं. फक्त हयातीच्या दाखल्याची तारीख त्या मुक्कामात येते का, एवढं बघायचं. पण ग्रीन कार्डावर किंवा तशाच दीर्घ परवान्यावर, परतीची तारीख न ठरवता निघालात, तर परकीय चलन कायद्याप्रमाणे, म्हणजे फेमाप्रमाणे, तुम्ही अनिवासी होता. ते निघाल्यापासूनच. आयकराचा हिशोब मात्र दिवसांवर चालतो: १ एप्रिल ते ३१ मार्च ह्या वर्षात भारतात किती दिवस होतात, ते मोजतात. म्हणून असं होऊ शकतं की एकाच वर्षी बँकेच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी आणि आयकर खात्याच्या दृष्टीने निवासी. हे चुकीचं नाही. दोन कायदे आहेत, दोन उत्तरं आहेत.

आता पेन्शन कुठून येते ते पाहू. पूर्वी बँकेच्या पेन्शन विभागाकडून यायची, आता स्पर्श ह्या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन (संरक्षण खात्याच्या पेन्शन-हिशोब) कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते. बँकेचं काम फक्त खातं सांभाळण्यापुरतं उरलं आहे. शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना सांगून पूर्वी जी कामं व्हायची, ती आता स्पर्शवर लॉगिन करून स्वतः करावी लागतात. लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या भारतीय मोबाइलवर येतो. माझ्या मते सगळ्या तयारीचा पाया हा मोबाइल नंबर आहे. आधार, स्पर्श, बँक आणि आयकर पोर्टल, चारही ठिकाणी एकच नंबर आहे ना ते जाण्याआधी तपासा. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या माणसाला जातो. मग तुमच्या पेन्शनचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. तेव्हा रिचार्जची जबाबदारी घरातल्या एका माणसाकडे नाव घेऊन द्या, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या. तिकडे पोहोचल्यावर ते चालू करायलाही ओटीपीच लागतो.

खात्याचं बघू. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पुष्कळ जण हे टाळतात, कारण पेन्शन तर जमा होतच असते. पण फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि केवायसी नव्याने करायची वेळ आली की बँक खातं गोठवते. तेव्हा घाई होते ती परदेशातून, फोनवर.

एनआरओ करताना बँकेला एक प्रश्न लेखी विचारा: खाते क्रमांक तोच राहणार की बदलणार? काही बँका तोच ठेवतात, काही नवा देतात. नवा दिला आणि स्पर्शवर जुनाच राहिला, तर पेन्शन परत जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नवं खातं चालू करून घ्या, मग रद्द केलेला चेक जोडून स्पर्शवर खातं बदलण्याची विनंती टाका, आणि एक महिन्याची पेन्शन नव्या खात्यात आल्यावरच जुनं बंद करा. हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे, तिकीट काढल्यानंतर सुरू करायचं नाही.

संयुक्त खात्यातही एक मेख आहे. नवरा-बायकोचं खातं बहुधा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालतं. पण एक अनिवासी आणि दुसरा निवासी असेल, उदाहरणार्थ सुभेदार साहेब मुलाकडे गेले आणि बाई सासूबाईंसाठी साताऱ्यात राहिल्या, तर एनआरओ खातं फक्त ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने ठेवता येतं. म्हणजे पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्याच्याच सहीने. घरखर्चाला बाईंच्या हाती पैसा राहावा यासाठी त्यांचं स्वतंत्र खातं आधीच उघडा आणि दरमहा रक्कम वळती करण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा.

आता हयातीचा दाखला. नोव्हेंबरात द्यायचा, ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला एक वर्ष चालतो. स्पर्शवर लॉगिन केल्यावर तुमच्या पुढच्या ओळखीची, म्हणजे पुढचा दाखला द्यायची, तारीख दिसते, तीच खरी धरा, शेजाऱ्याची नको.

परदेशातून सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जीवन प्रमाण ह्या सरकारच्या डिजिटल हयात-दाखल्याच्या ॲपवर चेहरा दाखवून. त्याला दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. अँड्रॉइड फोन बरा. दोन्ही ॲप भारतात असतानाच टाका, कारण परदेशी प्ले स्टोअरमध्ये ती सापडतीलच असं नाही. पहिल्यांदा ‘ऑपरेटर’ची नोंदणी होते: ज्याच्या हातात फोन आहे त्याचा आधार, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा. तुम्ही स्वतःच ऑपरेटर होऊ शकता. मग पेन्शनरची माहिती भरायची. नाव आधारवर आहे तसंच, आणि पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, क्रमांक स्पर्शच्या ई-पीपीओवर छापलेला, जुन्या पिवळ्या पडलेल्या कागदावरचा नव्हे. मंजुरी देणारं कार्यालय आपल्या दलाप्रमाणे: भूदलाला पीसीडीए पेन्शन, नौदलाला मुंबईचं पीसीडीए नेव्ही, हवाई दलाला दिल्लीच्या सुब्रोतो पार्कचं हिशोब कार्यालय. पेन्शन देणारी संस्था मात्र ‘स्पर्श’ निवडायची. सवयीने तिथे आपल्या जुन्या बँकेचं नाव निवडलं की दाखला बँकेकडे जातो आणि स्पर्शला त्याचा पत्ता नसतो. हीच चूक सगळ्यांत जास्त होते.

चेहरा घेताना उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढा, टोपी काढा, आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करा. आधारचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल, दात पडले असतील, दाढी वाढली असेल, तर जुळणी वारंवार फसते. मग जाण्याआधी आधार केंद्रावर फोटो आणि बोटांचे ठसे अद्ययावत करा. शेवटी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येतो. तो आला म्हणजे दाखला तयार झाला, मंजूर झाला असं नव्हे. आठ-दहा दिवसांनी स्पर्शवर जाऊन पुढची तारीख एक वर्षाने सरकली आहे का ते पाहा. सरकली नसेल तर तो नाकारला गेला आहे, नव्याने द्या.

दुसरं लग्न झालेल्या किंवा पुन्हा सरकारी नोकरीत लागलेल्या पेन्शनरांना हा डिजिटल मार्ग नाही. त्यांनी, आणि ज्यांचा आधार जमतच नाही त्यांनीही, कागदी दाखला घ्यायचा. स्पर्शवरचा नमुना छापून भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत सही घ्या, आणि स्कॅन करून तो लॉगिनमधून चढवा. नियमांत दूतावासाबरोबर मॅजिस्ट्रेट, नोटरी आणि बँक अधिकारीही आहेत, पण जमेल तिथे दूतावासाचीच सही घ्या, तिच्याबद्दल शंका निघत नाहीत. अमेरिकेत तुमचं राज्य कोणत्या वकिलातीच्या हद्दीत येतं ते आधी बघा, दुसऱ्या हद्दीतली वकिलात परत पाठवते.

करांच्या बाबतीत थोडं थांबतो, कारण इथे लोकांना धक्का बसतो. भारत सरकारच्या सेवेची पेन्शन अनिवासी झालात तरी भारतात करपात्र आहे. इथल्या सवलती मात्र निवासींसाठी आहेत. समजा, पेन्शन महिना ६०,००० रुपये, वर्षाला ७,२०,०००. नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात ६,४५,०००. भारतात राहणाऱ्याला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरच्या सवलतीमुळे कर शून्य. ही सवलत अनिवासीला नाही. त्याला ४ लाखांच्या वरच्या २,४५,००० वर ५ टक्क्यांनी १२,२५०, त्यावर ४ टक्के उपकर ४९०, एकूण १२,७४० रुपये भरावे लागतात. पेन्शन देताना तुम्हाला निवासी धरलं गेलं, तर कपात शून्य होते आणि तुम्हाला वाटतं की काही देणं नाही. शिवाय कर १०,००० च्या वर गेला की आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, लागू होतो. ज्येष्ठ नागरिकांना त्यातून मिळणारी सूटही फक्त निवासींना आहे. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च ह्या तारखा भिंतीवर लावा.

एनआरओवरच्या व्याजातून बँक ३० टक्के कर आणि उपकर कापते, ज्येष्ठांचा ‘कर कापू नका’ असं सांगणारा १५एच फॉर्म इथे चालत नाही. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरूनच परत मिळतो. अनिवासीला पॅन-आधार जोडणी सक्तीची नाही, पण त्यासाठी आयकर पोर्टलवर स्वतःला अनिवासी म्हणून नोंदवावं लागतं. नाहीतर पॅन निष्क्रिय ठरतं आणि कपात वाढते. परमवीर, महावीर, वीर चक्र विजेत्यांची पेन्शन आणि अपंगत्वामुळे सेवेतून मुक्त केलेल्यांची अपंगत्व पेन्शन करमुक्त आहे. ती एकूण रकमेत मिसळून विवरणपत्रात टाकू नका.

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारत-अमेरिका कर करारात सरकारी पेन्शनवर कर लावण्याचा अधिकार मूळ सरकारला दिला आहे, पण ग्रीन कार्डधारकाला त्याच्या आधारावर अमेरिकेत सूट मिळत नाही. पेन्शन तिथल्या विवरणपत्रात दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराचं श्रेय मागायचं. पुढे अमेरिकी नागरिकत्व घेऊन तिथेच राहिलात तर चित्र उलटतं आणि कराराप्रमाणे कर फक्त अमेरिकेचा, त्यासाठी तिथलं रहिवासी प्रमाणपत्र लागतं. ह्या टप्प्यावर दोन्हीकडचं जाणणारा करसल्लागार घ्याच. दुसरी गोष्ट एफबारची, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याच्या फॉर्मची. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्यांची माहिती द्यावी लागते. मुदत ठेवी धरून, पत्नीबरोबरची संयुक्त खाती धरून. दंड मोठा आहे, आणि हा कर नसल्यामुळे लोक विसरतात.

पैसे तिकडे नेणं सोपं आहे. पेन्शन हे चालू उत्पन्न आहे, कर भरून झाल्यावर ते एनआरओमधून बाहेर पाठवता येतं. बँक चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला मागते, त्याची फी दर वेळी पडते, म्हणून दरमहा थोडे पाठवण्यापेक्षा तिमाहीला एकदा पाठवा.

शेवटचा विषय माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे: तुमच्या मागे तुमच्या पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन. आज घरी गेल्यावर पीपीओ काढा आणि पत्नीचं नाव अक्षर-अक्षर वाचा. पीपीओवर ‘सुनिताबाई’, आधारवर ‘सुनीता’, पासपोर्टवर वडिलांच्या नावासह तिसरंच काही, असं कितीतरी घरांत आहे. जन्मतारीख म्हणाल तर शाळेने लावलेली १ जून एका कागदावर आणि दुसरीच तारीख दुसऱ्यावर. तुम्ही हयात असताना ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत, होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं बेळगावला आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधार-पॅनच्या प्रती, मग पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीतल्या बदलाचा अधिकृत आदेश), आणि शेवटी सुधारित पीपीओ. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद पुढे पाठवायला मदत करतं. तुमच्या पश्चात हेच काम बाईंनी न्यू जर्सीतून करायचं म्हणजे महिनोन्‌महिने पैसा बंद. कायमचं अपंगत्व असलेलं अपत्य असेल तर त्याचंही नाव आत्ताच नोंदवून घ्या, त्याला आजन्म कुटुंब पेन्शनचा हक्क आहे.

मृत्यू परदेशात झाला तर स्थानिक मृत्यू दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्या, भारतीय दूतावासात नोंद करा आणि स्पर्शवर लगेच कळवा. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची देय असते. त्यापुढे जमा झालेली रक्कम काढू नका, ती पुढे कुटुंब पेन्शनमधून वसूल होते. मुलाच्या किंवा भावाच्या नावे दिलेलं मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं, त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार बेकायदेशीर ठरतो.

आणि बाईंच्या नावाने स्वतंत्र आधार, पॅन, आधारला जोडलेला स्वतःचा मोबाइल नंबर आणि एक बँक खातं आजच तयार ठेवा. कुटुंब पेन्शन सुरू झाली की पुढच्या वर्षीपासून जीवन प्रमाणवर चेहरा त्यांना दाखवायचा आहे, पुनर्विवाह न केल्याची घोषणा त्यांना करायची आहे, ओटीपी त्यांच्या फोनवर येणार आहे. एकदा दोघांनी बसून ॲप उघडा आणि फोन त्यांच्या हातात देऊन त्यांनाच सगळं करू द्या.