टँकरमधलं पाणी: रन दाबायच्या आधी कागदावर काय काढायचं

व्हिडिओ आत्ता लावत नाहीये, शेवटी लावतो. निळं पाणी स्क्रीनवर उसळायला लागलं की सगळे तेच बघत बसतात आणि मुद्दा जातो राहून. मला एवढंच सांगायचंय, की सॉफ्टवेअरमध्ये पाणी हिंदकळवायच्या आधी त्याची एक पूर्ण फेरी, पुढे जाऊन परत, किती सेकंदांत होणार हे हाताने काढा. नाहीतर सुंदर दिसणारं उत्तर बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आपला उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर घ्या. खरा टँकर लंबगोल असतो, पण आपण चौकोनी खोका धरू, ६ मीटर लांब, आत १ मीटर पाणी, म्हणजे अर्धवट भरलेला. गच्च भरलेल्यात पाण्याला हलायला जागाच नसते, ताप देतो तो अर्धवट भरलेलाच. आता पायला लांबीने भागा, त्याला के म्हणा. जी गुणिले के गुणिले टॅन-हायपरबोलिक (कॅल्क्युलेटरवरचं tanh) के-एच, यात जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, एच म्हणजे पाण्याची खोली, आणि या सगळ्याचं वर्गमूळ म्हणजे ओमेगा. २ पायला ओमेगाने भागलं की एका फेरीचा वेळ येतो, जवळपास ४ सेकंद. बघा, यात घनता कुठेच नाही, म्हणजे पाणी असो की डिझेल, वेळ तोच.

४ सेकंद म्हणजे काय? सारखा हलका ब्रेक दाबून धरला तर २ सेकंदांनी पाणी पुढच्या भिंतीवर सगळ्यात उंच चढतं. गाडी नेमकी तेव्हाच थांबली तर परत फिरणारी लाट सगळ्यात मोठी, आणि बरोबर ४ सेकंदांनी थांबली तर पाणी जवळजवळ शांत. अर्थात हे कागदावर, लाटा लहान असतील तोपर्यंतच. जोरात ब्रेक मारला, पाणी छताला लागलं, फुटलं, हवा आत ओढली गेली, की फॉर्म्युला संपला आणि सॉफ्टवेअरचं काम सुरू झालं. मधोमध आडवा पत्रा टाकून ३ मीटरचे दोन कप्पे केले की हाच वेळ २.२ सेकंदांवर येतो आणि तेवढ्याच ब्रेकला पाणी भिंतीवर चढतंही निम्मंच. दुधाच्या टँकरमध्ये मात्र लाट मोडायला टाकतात ते भोकं पाडलेले पत्रेही टाळतात, कारण कोपऱ्यात दूध राहतं आणि धुताना पंचाईत होते.

आता सॉफ्टवेअर. ओपनफोम हे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टूडी केस आरामात चालते. आत जी पद्धत आहे ती हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली, टाकीची जागा बारीक चौकटींच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागायची, प्रत्येक चौकटीत म्हणजे सेलमध्ये किती भाग पाणी ते ० ते १ मध्ये लिहायचं, आणि जिथे ०.५ तिथे पृष्ठभाग धरायचा. टँकर सरळ रेषेत जातोय तर मेश हलवायच्या भानगडीत पडू नका, टँकरमध्ये बसल्यासारखं बघा आणि ब्रेकचं त्वरण उलट्या दिशेने गुरुत्वाकर्षणात मिळवा, झालं काम. टाइम स्टेप, म्हणजे हिशोब एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतो ती, एवढी लहान ठेवा की पाणी एका स्टेपमध्ये एका सेलपुढे उडी मारणार नाही. मेश दुप्पट बारीक केली की टूडीत सेल चौपट आणि स्टेपची संख्याही दुप्पट, म्हणजे काम आठपट, त्यामुळे थ्रीडीकडे उगाच धावू नका.

आणि खरी गोची इथे आहे. ब्रेक वगैरे काही नको, पृष्ठभाग थोडा तिरका ठेवा, सोडून द्या आणि लाट मोजा. जाड मेशवरसुद्धा ४ सेकंद बऱ्यापैकी बरोबर येतात, आपण खूश. पण लाट पाच-सहा फेऱ्यांत मरून जाते. खऱ्या टाकीत असं होत नाही, पाण्याची चिकटाई फारच कमी, लाट बराच वेळ फिरत राहते. मग ही कोणी मारली? जाड मेशने आणि वेळेच्या फर्स्ट-ऑर्डर स्कीमने, म्हणजे वेळ पुढे सरकवायच्या ढोबळ हिशोबाने. आणि मग कोणीतरी रिपोर्टमध्ये लिहितं की आमची टाकी स्थिर आहे, पत्रे नकोत. मला हा प्रकार सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण सिम्युलेशन क्रॅश होत नाही, उलट छान शांत दिसतं.

पत्रे नसले की काय होतं याचं उदाहरण रॉकेटचं आहे. मार्च २००७, स्पेसएक्सच्या फाल्कन १ चं दुसरं उड्डाण. वरच्या टप्प्याच्या टाकीतला द्रव ऑक्सिजन हिंदकळायला लागला, रॉकेटचा डोल वाढत गेला, ताबा सुटला आणि कक्षा काही गाठता आली नाही. त्या टाकीत लाट मोडणारे पत्रे नव्हते, पुढच्या उड्डाणांत बसवले.

घरी करून बघायला माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातला प्रयोग घ्या. टाकी ९०० मिलिमीटर लांब, ५०८ उंच, ६२ रुंद, पाणी ९३ मिलिमीटर. आधी कागदावर वेळ काढा, १.९२ सेकंद यायला हवेत. ही टाकी पुढेमागे जात नाही, डोलते, म्हणून इथे मेश फिरवावी लागेल. पाणी भिंतीवर आपटतं तेव्हाच्या दाबाचं टोक जुळलं नाही तर रात्री जागू नका, प्रत्यक्ष प्रयोगातही ते दर वेळी वेगळं येतं. आलेख कुठे चढतो, कुठे उतरतो ते जुळतंय का बघा. चला, लावा आता व्हिडिओ.