घरी आलेल्या मुलाचा खर्च कोण उचलणार?

(नाजूक प्रकृतीच्या मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी वॉर्डात कधी ना कधी भेटले आहे. कुणाच्या मुलीला दिवसातून अनेकदा झटके येतात, कुणाच्या बाळाचं दूध नाकातल्या नळीतून जातं, कुणाच्या मुलाच्या गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी छेद देऊन बसवलेली नळी आहे, कुणाला रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, लावल्याशिवाय झोपवता येत नाही. मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक आहे. डॉक्टर उपचार लिहून देतात आणि त्याचे पैसे कसे उभे करायचे हे बघायला पालकांना माझ्याकडे पाठवतात.

‘मॅडम, बाळाला कव्हर मिळेल ना?’ हा तुमचा पहिला प्रश्न असतो. अलीकडे मी बहुतेक वेळा ‘मिळेल’ असंच उत्तर देते आणि ते खरंही असतं. तरी काही महिन्यांनी तेच आईवडील गळ्यातलं मोडून, पतसंस्थेचं कर्ज काढून पुन्हा माझ्यासमोर बसलेले असतात. शस्त्रक्रियेचे पैसे सरकारी आरोग्य योजनेने दिलेले, आयसीयूचे दिलेले, मग कर्ज झालं कशाचं? मूल घरी आल्यानंतरच्या महिन्यांचं. मला आज याबद्दलच बोलायचं आहे. आपल्याकडचं आरोग्य संरक्षण रुग्णालयातल्या खाटेशी बांधलेलं आहे आणि आपली मुलं वर्षातले बहुतेक दिवस घरी असतात.

जे चांगलं झालं ते आधी सांगते, कारण मी ते जवळून पाहिलं आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि मुख्यतः पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. आता मर्यादा पाच लाख आहे आणि पांढरं कार्ड असलेल्यांनाही योजना लागू आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासू लागली. दूध पिताना दमणारी, ओठ निळे पडणारी मुलं ‘अशक्त आहे हो’ म्हणून घरातच राहायची, ती हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचू लागली. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण योजनेचं पॅकेज कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. मूल भरती झालं की आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला माणूस, कागद घेतो, मंजुरी येते, उपचार होतात, डिस्चार्ज होतो, घरी जाताना थोड्या दिवसांची औषधं मिळतात आणि फाइल बंद होते. पित्ताशयाचे खडे काढलेल्या माणसासाठी ही रचना उत्तम आहे. आपल्या मुलांचा आजार मात्र फाइल बंद झाल्यावर संपत नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची खोली, खाटेशेजारी सक्शन मशिन, कोपऱ्यात इन्व्हर्टर. मुलाच्या गळ्यातल्या नळीत कफ दाटला की आई मशिन चालू करते, कॅथेटर आत घालते, कफ ओढून काढते. दिवसा आणि रात्रीही. सक्शनचा कॅथेटर एकदा वापरून टाकायचा असतो. ही बाई तो उकळते आणि पुन्हा वापरते, कारण रोज नवे आणायला पैसे नाहीत. मशिन उसनवारीने घेतलेलं, इन्व्हर्टर हप्त्यावर. वीज गेली की तिचा जीव बॅटरीच्या दिव्याकडे लागलेला. शेवटी मुलाच्या छातीत संसर्ग झाला आणि ते आयसीयूत आलं. आयसीयूचा सगळा खर्च योजनेतून निघाला. साध्या प्लास्टिकच्या नळीला द्यायला पैसे नव्हते, पण ती नळी न मिळाल्यामुळे झालेल्या आजाराला होते. मला या गोष्टीचा राग येतो. तुम्हालाही यावा असं मला वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात केटी बेकेट नावाची मुलगी होती. काही महिन्यांची असताना मेंदूला संसर्ग झाला आणि तिला व्हेंटिलेटर लागला. पुढे ती घरी नेण्याइतकी सुधारली, पण तिथल्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचा नियम असा होता की रुग्णालयात राहिली तरच सरकार पैसे देणार. घरची काळजी रुग्णालयाच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात होत होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचं उदाहरण दिलं. तिच्यासाठी नियम शिथिल झाला आणि १९८२ मध्ये कायदाच बदलून राज्यांना अशा मुलांचा घरचा खर्च उचलण्याची मुभा मिळाली. केटी पुढे शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी काम करत राहिली आणि २०१२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारली. एका कुटुंबाने ‘आमची मुलगी घरी राहू शकते, मग पैसे तिथे का येत नाहीत?’ असा साधा प्रश्न धरून ठेवला, तिथून हे सगळं घडलं.

आता खासगी विम्याकडे येऊ. अनुवांशिक आजार सरसकट वगळणारी विमा पॉलिसीची अट भेदभाव करणारी आहे, असा निकाल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कोणते आजार वगळता येणार नाहीत याची यादीच काढली. शरीराच्या आतले जन्मजात दोष, अनुवांशिक आजार, मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार, इतकंच काय, नळीवाटे अन्न देण्यासाठी केलेली भरतीसुद्धा त्या यादीत आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण ‘जन्मजात आहे, बसत नाही’ असं आजही काउंटरवर सहज सांगितलं जातं. बाहेरून दिसणारा जन्मजात दोष कंपनी वगळू शकते. आतला सरसकट वगळता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आधीपासूनच्या काही आजारांसाठी, त्यांत अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार आणि जन्मजात हृदयरोगही आले, पॉलिसी देताना ते आजार कायमचे वगळण्याची मुभा नियामकाच्या २०१९ च्या त्याच सूचनांनी कंपन्यांना दिली. आणि न मिळणाऱ्या वस्तूंची एक वेगळी यादी आहे. घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर किट, डायपर, खासगी नर्स, सगळं त्यात. मूल घरी ठेवायला नेमकं जे लागतं तेच. काही पॉलिसींत ‘डोमिसिलरी’ नावाने घरच्या उपचारांचं कलम असतं. ते वाचून आशा वाटते, पण खाली अपस्मार, दमा असे जुने आजार बहुतेक वेळा वगळलेले असतात. ते कलम तात्पुरत्या आजारासाठी लिहिलेलं आहे, आपल्यासाठी नाही.

क्लेम नाकारण्याची जी पत्रं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीच डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीपाशी अडतात. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर घाईत लिहितो, ‘जन्मापासून झटके’. प्रत्यक्षात पहिला झटका आठव्या महिन्यात आलेला असतो, पॉलिसी त्याच्या आधी घेतलेली असते. त्या दोन शब्दांवर कंपनी म्हणते, आजार आधीपासूनचा आहे. डिस्चार्ज घेताना बिलाकडे बघता तसं कार्डही वाचा. तारीख चुकली असेल तर तिथेच, त्याच दिवशी, सहीशिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्या. महिन्याभराने केलेली दुरुस्ती कंपनी संशयाने बघते. तरीही नाकारलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

आणि कळकळीने सांगते, आजार लपवू नका. ‘फॉर्ममध्ये लिहू नका, तीन वर्षं गप्प बसा’ असं सांगणारे एजंट आहेत. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक मात्र याला अपवाद आहे. लपवलेला आजार बाहेर येतो तो नेमका मूल आयसीयूत असताना.

नोकरीतून मिळणाऱ्या गटविम्याचं तसं बरं आहे. बाळ पहिल्या दिवसापासून त्यात येतं, बहुतेक ठिकाणी आधीच्या आजारांची अटही नसते. पण मग वडील त्या नोकरीला चिकटून राहतात. साहेबाने काहीही बोलावं, बदली कुठेही व्हावी, राजीनामा लिहिता येत नाही. गटविमा सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा मार्ग असतो आणि भरलेला प्रतीक्षा काळ त्यात धरला जातो. मात्र हे नोकरी सोडण्याच्या आधी मागायचं असतं. एचआरला आजच विचारून ठेवा.

कामगार विमा योजनेत, ईएसआयसीत, उलटीच भीती दिसते. तिथे आजाराची अट नाही, मूल पूर्णपणे आईवडिलांवर अवलंबून असेल तर त्याच्या अपंगत्वाच्या काळात वयाचीही अट नाही. इतकं उदार कलम दुसरीकडे क्वचित सापडेल. पण पगाराची मर्यादा २१,००० आहे. त्यापुढे पगार गेला की काही महिन्यांत संरक्षण संपतं. पगारवाढीची चाहूल लागली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, असे वडील मी पाहिले आहेत. हजार-दीड हजारांच्या वाढीसाठी मुलाचे उपचार जाणार असतील तर त्या माणसाने काय करावं?

खाटेशी न बांधलेली एक योजना आहे, निरामय. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी करत नाहीत, आणि ओपीडी, औषधं, थेरपी यांचाही खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. एक लाख कमी आहेत, पैसे आधी स्वतः भरून मग मागावे लागतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तरीही घरी राहणाऱ्या मुलाचा विचार तिच्यात आहे, म्हणून मी प्रत्येक पात्र कुटुंबाला ती घ्यायला लावते. दुःख एवढंच की स्नायूंचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेलं, बुद्धीने तल्लख मूल सहसा त्यात बसत नाही.

दुर्मीळ आजारांच्या पालकांसाठी थोडं. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार आता एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते. ती ठरवून दिलेल्या केंद्रांतून मिळते, आणि मुंबईत केईएम हे तसं केंद्र आहे. ५० लाख ऐकायला मोठे वाटतात. पण शरीरात कमी असलेलं एन्झाइम बाहेरून देण्याचे उपचार आयुष्यभराचे, मुलाचं वजन वाढेल तसा डोस वाढतो, पैसे संपतात आणि मूल मोठं होत असतं. इथे नुसत्या विम्याने भागत नाही, औषधाची किंमत उतरावी लागते. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारावरच्या रिसडिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या आसपास होती. २०२५ मध्ये न्यायालयाने पेटंटच्या वादात भारतीय कंपनीला अडवायला नकार दिला आणि त्या औषधाची देशी बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. औषध तेच, मुलं तीच. ही बातमी वाचून माझ्या टेबलाशी एक वडील ढसाढसा रडले.

आता मागायचं काय ते बोलू. फुले योजनेत गृहउपचाराचं पॅकेज हवं. ट्रॅकिओस्टॉमी किंवा फीडिंग ट्यूब लावून मूल घरी पाठवलं, तर त्याच मंजुरीत पुढच्या वर्षभराचे कॅथेटर, नळ्या, झटक्यांची औषधं धरली जावीत आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर महिन्याला मिळावीत. सक्शन मशिन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप जिल्हा रुग्णालयाने वापरायला द्यावेत, गरज संपली की परत घ्यावेत. हे अशक्य नाही. नवजात बाळाला बघायला आशाताई घरी जातातच. डायलिसिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पेरिटोनियल, म्हणजे पोटातल्या नळीवाटे घरीच करायच्या डायलिसिसला जागा मिळालीच. घरापर्यंत जाणारी वाट सरकारी यंत्रणेला माहीत आहे.

हे मागायला आपल्याकडे आकडे हवेत, आणि ते तुमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. म्हणून येत्या पहिल्या तारखेपासून महिनाभर प्रत्येक घराने वही ठेवा. कॅथेटर किती, डायपर किती, औषधाला किती, विजेचं बिल किती, रिक्षाला किती, कामाचे किती दिवस बुडाले. मूल पुन्हा भरती झालं तर कशामुळे आणि योजनेने किती भरले, तेही लिहा. या सगळ्या वह्या जोडून आपण जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपापल्या आमदारांना निवेदन देणार आहोत. वह्या दारापाशी ठेवल्या आहेत, जाताना घ्या. ज्यांनी नाकारलेल्या क्लेमची पत्रं आणली आहेत त्यांनी डिस्चार्ज कार्डासह पुढच्या रांगेत या. आपण ती एकेक करून वाचू.