६४४ म्हणजे ग्लासगो

पडद्यावर आहे स्कॉटलंडमधली १८५५ सालची जन्मनोंद. नावावर नंतर येऊ. आधी आकडा बघा: ६४४, पुढे तिरपी रेघ आणि आणखी एक आकडा.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना, तीच रीत तिथेही होती. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव. त्यामुळे एकाच टापूत एकाच नावाची चार-चार माणसं निघतात आणि पूर्वजांचा माग काढणारा गोंधळून जातो. अशा वेळी हा आकडाच हात देतो, कारण नोंद कुठल्या टापूतली ते तो सांगतो.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिथे १ जानेवारी १८५५ला सुरू झाली. त्याआधी जन्म-लग्नाच्या नोंदी चर्चच्या वह्यांत होत. चर्चच्या हद्दीतला टापू म्हणजे पॅरिश. आकडे या पॅरिशांवरूनच आले. सुरुवात अगदी उत्तरेकडून, शेटलंड बेटांतून. १ म्हणजे ब्रेसे, ५ म्हणजे लर्विक. तिथून परगण्यामागून परगणा घेत साधारण दक्षिणेकडे उतरायचं, ते नैर्ऋत्येच्या विगटनला ९०१वर थांबायचं. परगण्याच्या आत मात्र नकाशा नाही, इंग्रजी वर्णक्रम चालतो. लॅनर्कशर परगण्यात ग्लासगो ६४४, ग्लासफर्ड ६४५, गव्हन ६४६. गव्हन तेव्हा ग्लासगोला लागूनच होतं, ग्लासफर्ड मात्र बरंच लांबचं खेडं, तरी क्रमांकात मधे तेच. शेजारचा आकडा म्हणजे शेजारचं गाव, असं समजून शोधू नका.

मोठ्या शहरांचे तुकडे पाडावे लागले. एडिंबरा ६८५, डंडी २८२, ॲबर्डीन १६८. यांच्यापुढे रेघ आणि तुकड्याचा क्रमांक येतो. ग्लासगो वाढत गेलं, तशा तुकड्यांच्या हद्दीही हलल्या आणि क्रमांकही. म्हणून रेघेपुढचा आकडा वाचताना साल बघायलाच हवं.

आता पुन्हा या नोंदीकडे या. आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, त्यांचं लग्न कधी आणि कुठे झालं, बाळाला आधीची भावंडं किती, त्यातली किती हयात, किती गेली, हे सगळं या एका नोंदीत आहे. इतकं लिहून घेणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी यातले बरेच रकाने गळले. लग्नाची तारीख आणि ठिकाण १८६१मध्ये परत आलं. गेलेल्या भावंडांचा रकाना परत आला नाही. म्हणून तुम्ही शोधताय त्या घराण्यातलं एखादं जरी मूल १८५५ साली जन्मलेलं असेल, तर सगळ्यात आधी त्याचीच नोंद काढा.