पाचवा माणूस: ‘रिव्हॉल्व्हर’ आणि बीटल्सचा पालटलेला आवाज

मित्रहो, बीटल्सची ओळख करून देण्यात मी तुमचा वेळ घालवत नाही. त्यांच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यातली सतार ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी शेजारच्याला विचारावं, तो गुणगुणून दाखवेल. (हशा) आपला विषय त्याच्या पुढचा आहे. ऑगस्ट १९६६मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम आला आणि बीटल्सचा आवाजच पालटला. तो का पालटला, हे आज बोलायचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. असा बदल झाला की आपण त्याचं श्रेय बँडमधल्या चौघांच्या, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमवाला रिंगो यांच्या, प्रतिभेला देऊन मोकळे होतो. प्रतिभा होतीच, पण माझ्या मते आवाज पालटतो तो खोलीत पाचवा माणूस आला म्हणून. १९६६च्या वसंतात लंडनच्या ॲबी रोडवरच्या त्या स्टुडिओत असे पाचवे बरेच जण आले. त्यांतले एक अनिल भागवत.

हे नाव वाचलं की मराठी माणूस थबकतो. मीही थबकलो होतो. ‘रिव्हॉल्व्हर’च्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलं आहे: अनिल भागवत, तबला. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, ‘लव्ह यू टू’. ध्वनिमुद्रण झालं ११ एप्रिल १९६६ला.

त्याची गोष्ट अशी. लंडनमध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था होती. मूळचे कर्नाटकातले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ती चालवत. प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन तिचे अध्यक्ष होते. रविशंकर, अली अकबर ही मंडळी पश्चिमेत घरोघरी पोचण्याच्या आधीपासून या संस्थेने तिथे आपल्या संगीताची पायवाट पाडली. तर अंगडींनी भागवतांना फोन करून विचारलं, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. कोण जॉर्ज, ते काही सांगितलं नाही. लंडनमध्ये जॉर्ज काय कमी आहेत! भागवत हो म्हणाले. मग त्यांना न्यायला दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की हा जॉर्ज कोणता. (हशा आणि टाळ्या) ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे. स्टुडिओत तबला सुरात लावून झाल्यावर हॅरिसनने सुचवलं की रविशंकरांच्या वळणाचं, सोळा मात्रांचं काहीतरी हवं. सोळा मात्रा म्हणजे तुमच्या-माझ्या कानातला तीनतालाचा हिशेब. पुढचं त्याने भागवतांवर सोडलं, कारण आपल्या संगीतात वादकाला मोकळीक लागते हे त्याला पटलेलं होतं.

इथे जरा थांबतो. त्या तारखेला हॅरिसन आणि रविशंकर यांची भेटही झालेली नव्हती. ती झाली जूनमध्ये, आणि तीही अंगडींच्याच ओळखीतून. म्हणजे ‘लव्ह यू टू’च्या वेळी या पोराला गुरू नव्हता. होतं ते ऐकण्याचं वेड, आणि शेजारी तबल्यावर बसलेला एक जाणता माणूस. ऐका. (गाण्याची सुरुवात ऐकवली जाते) पहिलं अर्धं मिनिट लय नाही, ठेका नाही, नुसती सतार स्वर चाचपते आहे. हा आलाप आहे. मग तबला येतो आणि गाणं उभं राहतं. शेवटही ऐका. (शेवट ऐकवला जातो) लय चढली, द्रुत झाली, आणि तशीच विरत गेली. तीन मिनिटांच्या गाण्यात आलाप, गत आणि द्रुत! ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार गिटारच्या जागी येऊन बसली होती. इथे गाण्याची मांडणीच बदलली. पाहुणी आलेली बाई घरची झाली आणि तिने फर्निचर हलवलं, तसं.

आता माझी तक्रार. कव्हरवर नाव आलं ते एकट्या भागवतांचं. त्याच ध्वनिमुद्रणात सर्कलचे आणखी वादक होते, ते निनावी राहिले. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’ या अल्बममध्ये हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ आलं. त्यात दिलरुबा, स्वरमंडल, तानपुरा, तबला सगळं आहे, आणि कव्हरवर त्या भारतीय वादकांपैकी एकाचंही नाव नाही. आणि हे फक्त साहेबाचं पाप म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मैफलींच्या जाहिराती आठवा. गायकाचा फोटो पानभर, आणि तबला-पेटीवाले? ‘साथसंगत’ या शब्दापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि कित्येकदा तेवढंही नाही. मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात निवेदकाने तबलजींचं नाव मध्यंतरानंतर सांगितलं, तेही चिठ्ठी वाचून. मला त्याचा राग आला होता आणि आजही आहे. ज्याच्या ठेक्यावर दोन तास गाणं तोललं, त्याचं नाव पाठ नसावं?

म्हणून हॅरिसनचं मला कौतुक आहे. जानेवारी १९६८मध्ये तो मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटासाठी ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण केलं. त्या अल्बमवर वादकांची नावं छापली आहेत. त्या यादीत शिवकुमार शर्मा आहेत, आशिष खाँ आहेत. आणि बासरीला केंकरे, सुरबहारला चंद्रशेखर नारिंगरेकर, सनईला हनुमान जाधव आहेत. ही यादी मराठी शाळांत वाचून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. (टाळ्या)

संयोजकांनी दहा मिनिटांची चिठ्ठी दिली आहे. पाटीवरचा विषय अजून राहिलाच आहे, तेव्हा भराभर सांगतो.

दुसरा पाचवा माणूस जेफ एमेरिक, वय वर्षं वीस. जुने ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ निर्माते झाले आणि त्या खुर्चीत हा पोरगा बसला. ६ एप्रिलला त्याच्यापुढे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ आलं. रिंगोच्या बेस ड्रममध्ये त्याने लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक स्टुडिओच्या नियमात बसणार नाही इतका जवळ नेला. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणतोय असा हवा होता. एमेरिकने तो हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. तिसरा केन टाउनसेंड. लेननला एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा होता, म्हणून या तंत्रज्ञाने टेपवरच आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती शोधली. चौथे त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन, पहिल्यापासूनचे. त्यांनी ‘एलिनॉर रिग्बी’साठी आठ तंतुवाद्यं लिहिली. त्या गाण्यात चौघांपैकी कुणी एकही वाद्य वाजवलेलं नाही. रॉक बँडच्या अल्बमवर!

‘टुमॉरो नेव्हर नोज’ सगळं एका षड्जाला धरून चालतं आणि सुरुवातीला तानपुरा वाजतो. आपल्या कानाला यात नवल नाही, त्यांच्याकडे मात्र कॉर्ड बदलल्याशिवाय गाणं पुढे जात नसे. त्यावर पॉलने घरी टोकं जोडून केलेले टेपचे वेटोळे, म्हणजे तोच आवाज पुन्हा पुन्हा. ते इमारतीतल्या निरनिराळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होते, माणसं पेन्सिलींनी टेप ताणून उभी होती, आणि इकडे हाताने आवाज कमीजास्त करत मिश्रण चाललं होतं. ते तसंच पुन्हा करणं त्यांनाही शक्य नव्हतं.

यातच उत्तर आहे. १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. १९६६च्या दौऱ्यात ‘रिव्हॉल्व्हर’मधलं एकही गाणं त्यांनी मंचावर घेतलं नाही, आणि २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. मंचावर चौघांनाच जागा असते. मंचाची अट सुटली तशी भागवत, एमेरिक, टाउनसेंड, आठ तंतुवादक यांना गाण्यात जागा झाली. अल्बमचा क्रम विसरा आणि घरी गेल्यावर ही गाणी ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावा. कव्हरवर सगळ्यात शेवटी असलेलं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ सगळ्यात आधी झालेलं आहे, आणि पाचच दिवसांनी ‘लव्ह यू टू’. अमेरिकेत निघालेली अकरा गाण्यांची आवृत्ती घेऊ नका. तिच्यात लेननची तीन गाणी गाळली आहेत. चौदांची घ्या. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलापाशी बोलू.